सैल दगडाला जास्त गुण

लातूरच्या शिखरवेध एज्युकेशन प्रायव्हेट लिमिटेड या संस्थेने संक्रांतीनंतरच्या सोमवारी पर्यावरण आणि वारसा या दोन्हींचं रक्षण करण्याचा निर्णय घेतला. निर्णय सकाळी झाला, दुपारी त्याचा फ्लेक्स लागला आणि संध्याकाळी नेमकं कशाचं रक्षण करायचं याचा शोध सुरू झाला. हा क्रम काहींना उलटा वाटेल. ज्यांना उलटा वाटतो त्यांनी कधी संस्था चालवलेली नाही, एवढंच म्हणता येईल.

शिखरवेध मुलांना डॉक्टर करते. म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला बसवते, पुढचं मुलांनी बघायचं. भूकंपानंतर लातुरात पत्र्याची शेडं ढिगाने उभी राहिली, त्यांतल्याच एका शेडात अंबरीश सरांनी पहिली शिकवणी घेतली होती. उन्हाळ्यात शेड तापायचं, मुलं तापायची, सर तर तापलेलेच असायचे, आणि त्यातून मुलं मेरिटला लागायची. आता शेडाच्या जागी पाच मजले आहेत, नांदेडला शाखा आहे आणि बेंगळुरूची एक कंपनी संस्थेची भागीदार झाली आहे. त्या कंपनीची माणसं येऊन सगळे मजले फिरली, निकालांचं कौतुक केलं आणि जाता जाता विचारून गेली की तुमचे कर्मचारी समाजाला काय परत देतात. अंबरीश सर म्हणाले, डॉक्टर देतात. पाहुणे म्हणाले, ते तर तुमचं उत्पादन झालं, रविवारी काय देतात? सर म्हणाले, रविवारी टेस्ट देतात. पाहुणे एकमेकांकडे बघून फक्त हसले. त्या हसण्याने सरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण भागीदारावर चिडता येत नाही, म्हणून त्यांनी कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं.

परिपत्रकात म्हटलं होतं की यापुढे सर्व कर्मचाऱ्यांनी दर रविवारी स्वेच्छेने सेवेला उपस्थित राहावं. ज्यांची स्वेच्छा नसेल त्यांनी विभागप्रमुखांची पूर्वपरवानगी घ्यावी. स्वेच्छा वैद्यकीय कारणाने नसल्यास डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं.

हे सगळं सांभाळायला पुण्याहून मनस्विनी मॅडम आल्या. सामाजिक दायित्व विभागाच्या त्या प्रमुख होत्या आणि त्या विभागात दुसरं कुणी नव्हतं. मॅडम स्वभावाने चांगल्या होत्या, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ते लक्षात राहणार नाही. झाडू मारण्याला त्या परिसराशी नातं जोडणं म्हणत. चहा प्यायला थांबण्याला अनुभवांची देवाणघेवाण म्हणत. आल्या दिवसापासून त्या एखाद्या दुर्लक्षित वारशाच्या शोधात होत्या, पण लातुरात जे दुर्लक्षित होतं ते वारशात बसत नव्हतं.

तो वारसा मन्मथने पुरवला.

मन्मथ शिखरवेधमध्ये समुपदेशक होता. आलेल्या पालकांना खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि जागा संपत आल्याचं सांगायचं, हे त्याचं काम. ते तो इतक्या कळकळीने करायचा की पालक उठताना त्याचे हात हातात घ्यायचे. त्याची मुलगी रुद्राणी तिथेच अकरावीला होती. संस्थेत तीन बॅचेस होत्या: शिखर, कडा आणि पायथा. शिखरला होर्डिंगवरचे सर शिकवत, कड्याला होर्डिंगवर येऊ पाहणारे, आणि पायथ्याला जे कुणी त्या तासाला मोकळे असतील ते. रुद्राणी पायथ्यात होती. समुपदेशकाची मुलगी पायथ्यात हे मन्मथला फार लागलं होतं. घरातही त्याची बायको भाजी वाढताना अधूनमधून शेजारच्या मुलाची बॅच कोणती ते सांगायची. रुद्राणीला विचारलं तर ती म्हणायची की पायथ्यात बरं आहे, सरांना घाई नसते, विचारलेलं सांगतात. पण असल्या गोष्टी मुलांना विचारून ठरवत नसतात.

परिपत्रकापाठोपाठ अंबरीश सरांनी जाहीर केलं की मे महिन्याच्या अखेरीस सेवेत जो कर्मचारी पहिला येईल त्याच्या मुलाला बारावीसाठी थेट शिखर बॅचमध्ये बसवण्यात येईल. ते ऐकलं आणि मन्मथची स्वेच्छा एकदम जागी झाली. तो तडक मनस्विनी मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, आमच्या गावात बारव आहे.

वाघलवाडी हे त्याचं गाव जळकोटच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. बारव गावाच्या वरच्या अंगाला. काळ्या दगडाची चौकोनी विहीर, चारही बाजूंनी खाली उतरणाऱ्या पायऱ्या, एका कोनाड्यात महादेवाची पिंड आणि तळाशी भर मे महिन्यातही कमरेएवढं पाणी. भूकंपाच्या पहाटे गावातल्या निम्म्या भिंती फाटल्या, बारवेचा दगड हलला नाही. गावातल्या विहिरींचं पाणी तेव्हा गढूळ झालं आणि सगळं गाव बारवेवर आलं. तोवर गावकुसाबाहेरच्या नागुबाईच्या वस्तीला पायरी उतरायची मुभा नव्हती, वरून कुणी ओतेल तेवढं घ्यायचं. त्या दिवशी नागुबाई सरळ घागर घेऊन उतरली आणि तिला कुणी अडवलं नाही. पुढे कुणाला अडवायचा धीरही झाला नाही. वाघलवाडीच्या इतिहासात अभिमान वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट आहे आणि ती त्या पायऱ्यांवर घडली.

मन्मथचा चुलता चंद्रप्पा आणि ही नागुबाई दर पाडव्याच्या आधी बारव झाडून काढत. दोघांनाही सत्तरी उलटलेली. अर्ध्या दिवसाचं काम. त्याला ते संवर्धन म्हणत नसत, काहीच म्हणत नसत. मॅडमनी मन्मथकडून हे ऐकलं आणि सुस्कारा टाकला, की बघा, स्थानिकांमध्ये किती उदासीनता आहे.

पहिल्या रविवारी दोन बस भरून माणसं वाघलवाडीत उतरली. सगळ्यांच्या अंगात हिरवे टी-शर्ट, छातीवर शिखरवेध, पाठीवर 'मी वारसा जपतो'. नांदेड शाखेची तिसरी बस मुखेडमार्गे आली. ड्रोन उडाला, कुत्री पळाली, शाळेतली पोरं ड्रोनमागे पळाली. चंद्रप्पा पुढे झाला तेव्हा एका हिरव्या टी-शर्टने त्याला दोरीच्या पलीकडे उभं केलं, कारण तो लाभार्थी होता. नागुबाई पाणी भरत होती. तिची प्लास्टिकची घागर फोटोत वाईट दिसते म्हणून मॅडमनी लातुरातून आणलेली पितळी घागर तिच्या डोक्यावर दिली. फोटो झाल्यावर ती परत घेऊन बसमध्ये ठेवली आणि नागुबाईला तिची प्लास्टिकची परत मिळाली.

अडचण एकच आली. बारवेत कचरा फारसा नव्हता. लिंबाचा पाला, चार-दोन पुड्या, एक तुटकी चप्पल. शंभरावर माणसांनी तो नाश्त्याआधीच संपवला आणि दिवस तर पुढे पडलेला. मग नाश्ता लवकर दिला. चुरमुऱ्यांची सुशीला होती, वर शेव, सोबत चहा. शंभरावर माणसांनी सुशीला खाल्ली आणि कागदी बश्या, चहाचे कप, पाण्याच्या बाटल्या पायऱ्यांवर ठेवून सगळे परिसराशी नातं जोडून निघून गेले. पुढच्या रविवारी आले तेव्हा बारवेत भरपूर कचरा होता. मॅडमनी अहवालात लिहिलं की समस्या वाटली होती त्यापेक्षा गंभीर आहे.

आता पहिला नंबर काढायचा तर सेवा मोजायला हवी. ते काम वरद सरांकडे आलं. वरद सर भौतिकशास्त्र शिकवत आणि टेस्ट सिरीजही तेच काढत. जे मोजता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांचा मुलगाही पायथ्यातच होता, पण हे ते कुणाला सांगत नसत, आणि न सांगितल्यामुळेच सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी पद्धत ठरवली: बारवेतून काढलेल्या कचऱ्याला किलोमागे चार गुण, आणि निसर्गाला धक्का लागल्यास निगेटिव्ह मार्किंग. बेडूक उचलल्यास एक गुण वजा. सोमवारी तात्पुरती गुणयादी, बुधवारपर्यंत हरकती, शुक्रवारी अंतिम रँक आणि पहिल्या दहांचा फोटोसह फ्लेक्स. कचरा मोजण्याची अशी पद्धत जगात दुसरीकडे कुठे निघाली असेल असं वाटत नाही. लातुरात मात्र ती कुणाला वेगळी वाटली नाही.

पहिल्याच आठवड्यात हरकतींचा पाऊस पडला. शेळीच्या लेंड्या हा कचरा की निसर्ग, यावर तर दोन तट पडले. जीवशास्त्र विभागाने निसर्ग म्हटलं, रसायनशास्त्राने कचरा म्हटलं. शेवटी प्रश्नच संदिग्ध असल्याचं मान्य करून सगळ्यांना बोनस गुण देण्यात आले. ज्यांनी लेंडी उचलली नव्हती त्यांनाही.

तोलकाटा लातूरच्या आडत बाजारातून आणला होता आणि काट्याबरोबर तोलणाराही आला होता. जन्मभर तूर आणि सोयाबीन तोललेला माणूस. गाळाचं पहिलं पोतं काट्यावर आल्यावर त्याने सवयीने विचारलं, ओल किती धरायची? मनस्विनी मॅडमना ही सूचना फार शास्त्रशुद्ध वाटली. त्या दिवसापासून ओल्या मालाला वजनात घट लागू झाली.

इथून प्रकरण रंगत गेलं. रँक वाढवायची तर वजन हवं आणि वजन तर बारवेत नव्हतं. लोक घरून कचरा आणू लागले. कुणी जुनी कपाटं फोडून आणली, कुणी शेजाऱ्याच्या बांधकामाचा राडारोडा. नांदेड शाखेने विष्णुपुरीच्या धरणाखालचा गाळ पोत्यात भरून आणला. त्यावर लातूर शाखेने हरकत घेतली की हा कचरा बाहेरगावचा आहे. अंबरीश सरांनी निकाल दिला की बारवेतून निघालेलाच कचरा धरला जाईल. निकाल रास्त होता. त्यामुळे पुढच्या रविवारपासून नांदेडची माणसं तासभर आधी येऊन गाळ बारवेत ओतू लागली आणि मग रीतसर काढू लागली. पण ओलीची घट लागून त्यांचे गुण फार पडत नव्हते, आणि नांदेडवर अन्याय होतो अशी भावना त्या बसमध्ये पसरली.

मन्मथ इमानदारीने पाला आणि बाटल्या गोळा करत होता. तो पहिल्या दहातही नव्हता. रविवारी संध्याकाळी घरी गेला की बायको फक्त विचारायची, कितवे?

मार्चमध्ये वरद सरांना शोध लागला. बारवेच्या कठड्याचा एक दगड कधीकाळी निसटून वरच्या पायरीवर पडलेला होता. सरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चौघांना हाताशी घेऊन तो काट्यावर ठेवला. त्याला ओल नव्हती. तो जागेवर नव्हता, म्हणजे अडथळा होता, आणि अडथळा म्हणजे कचरा. त्या एका दगडाने वरद सर पाचव्या नंबरावरून पहिल्यावर गेले.

त्यानंतर बाटलीला कुणी हात लावला नाही.

नियम स्पष्ट होता: फक्त सैल दगड काढायचे. पहिल्या रविवारी सैल दगड थोडे निघाले, दुसऱ्या रविवारी जास्त निघाले, कारण शनिवारी काही कर्मचारी खाजगी गाड्या करून, पहारी घेऊन बारव बघून गेले होते. मॅडमनी याला पूर्वतयारी म्हटलं. कठडा संपल्यावर पायऱ्या सैल निघू लागल्या. महादेवाचा कोनाडा सैल निघाला तेव्हा थोडी कुजबुज झाली, पण पिंड आदराने बाजूला ठेवली आणि तिचं वजन धरलं नाही, यामुळे सगळ्यांचं समाधान झालं. काढलेल्या प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाने नंबर घालून ते ट्रकने लातूरला रवाना होत. वारसा उघड्यावर पडू नये ही त्यामागची काळजी.

मन्मथला वाईट वाटत होतं. खरंच वाटत होतं. ज्या पायरीवर बसून त्याने लहानपणी पोहायला घाबरून रडारड केली ती पायरी त्याच्या डोळ्यांदेखत गेली. पण वाईट वाटत असतानाही पहार धरता येते, हात मोकळेच असतात. एप्रिलमध्ये तो तिसरा आला.

चंद्रप्पाने आधी ग्रामसेवकाला सांगितलं. ग्रामसेवकाची मुलगी कड्यात होती. मग सरपंचाला सांगितलं. सरपंचाचा मुलगा पुढच्या वर्षी दहावीला होता आणि त्याला सरळ शिखर मिळेल असं सरपंचाला कुणीतरी सांगितलं होतं. मग चंद्रप्पा एसटी धरून स्वतः लातूरला आला. खालच्या मजल्यावरच्या मुलीने त्याच्या हातात टोकन दिलं आणि मुलगा की मुलगी असं विचारलं. तो बारव म्हणाला. ती म्हणाली, कितवीला? त्या इमारतीत दुसऱ्या कुठल्या कामासाठी कुणी आल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. मन्मथने चुलत्याला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सवयीने जागा संपत आल्याचं सांगणार होता, पण सावरला. त्याने त्याला अंबरीश सरांकडे नेलं.

सर उठून उभे राहिले, वाकून नमस्कार केला. चंद्रप्पा टोपी सारखी करत म्हणाला, "साहेब, तुमची मान्सं आमची बारव उचलून न्यायलीत."

"नेत नाहीत, आप्पा. वाचवताहेत. सैल दगड वारशाला धोका असतो."

"आमचे दगड सैल नव्हते."

"मग निघाले कसे?"

चंद्रप्पाने टोपी पुन्हा सारखी केली. सरांनी त्याला शाल घातली, वारसादूत अशी पाटी असलेली हिरवी टोपी दिली आणि फोटो काढला. परतीच्या एसटीत तो ती टोपी हातात धरून बसला होता, कारण डोक्यावर त्याची स्वतःची होती.

मे महिन्यातला शेवटचा रविवार कुटुंबासह होता. कर्मचाऱ्यांनी मुलांना आणावं, म्हणजे पुढच्या पिढीला वारसा कळेल, असं ठरलं होतं. मन्मथने रुद्राणीला आणलं. बारव आता बारव राहिली नव्हती, उतरता खड्डा झाला होता. तळाला पाणी मात्र होतं. गावातले बोअर एव्हाना आटले होते आणि वाघलवाडीच्या बायका त्या ढासळलेल्या उतारावरून घसरत, एकमेकींचा हात धरून पाणी नेत होत्या. त्या रविवारी त्यांना दुपारपर्यंत थांबायला सांगितलं होतं, कारण अंतिम फेरी होती.

वरद सर पहिले होते, मन्मथ दुसरा. अंतर एका दगडाचं होतं, आणि दगडही एकच उरला होता. तळाशी, झऱ्याच्या तोंडावर बसवलेला, सगळ्यांत मोठा. सगळी बारव त्याच्याभोवती बांधली होती असं जुनी माणसं म्हणत. वरद सर आणि त्यांची चार माणसं समोरच्या उतारावरून पहारी घेऊन निघालीच होती. मन्मथ धावत खाली पोचला. दगडावर चंद्रप्पा बसला होता. शेजारी पाण्यात नागुबाई उभी होती.

"आप्पा, उठा," मन्मथ म्हणाला.

"काहून?"

"दगड न्यायचाय."

"ह्यो गेला तर झरा बुजतोय, मन्मथ. खालची माती धरलीय ह्यानं. गाव काय पील?"

नागुबाईने मन्मथकडे पाहिलं, आणि त्याला ते सहन झालं नाही. उतारावर रुद्राणी उभी होती. ती म्हणाली, "पप्पा, राहू द्या. मला पायथ्यात समजायलंय." ती खरं बोलत होती. वरद सरांची माणसं जवळ येत चालली होती. मन्मथच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं, आणि तो चुलत्याच्या पायाशी बसला.

"आप्पा, हा दगड मिळाला तर रुद्राणी शिखरला जातीय. न्हाईतर पोरीचं वर्ष वाया जाईल. डॉक्टर व्हायची न्हाई ती."

चंद्रप्पाने पुतण्याकडे पाहिलं, मग उतारावरच्या नातीकडे.

"पोरीच्या ॲडमिशनचं हाय व्हय?" तो म्हणाला. "आदी न्हाई का सांगायचं."

आणि तो उठला.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे दारातलं झाड तोडायला आलेल्या माणसाला लोक काठी घेऊन आडवे होतात, बांध कोरणाऱ्याला पिढ्यान्पिढ्या कोर्टात खेचतात. पण पोराच्या ॲडमिशनचं आहे म्हटलं की बसलेला उठतो आणि उभा असलेला बाजूला होतो. चंद्रप्पाने नुसती वाट दिली नाही. वरद सर पोचायच्या आत उरकावं म्हणून त्याने धोतर खोचलं आणि पुतण्याच्या पहारीला स्वतःचा खांदा लावला. मग नागुबाईने पोहऱ्याचा दोर सोडवून मन्मथकडे टाकला. तिची नात दिपाली सातवीत होती आणि हुशार होती. नागुबाई एवढंच म्हणाली, "आमचीबी पोरगी येईल मोठी व्हऊन. ध्यानात ठीव."

मन्मथने मान हलवली.

दगड निघाला. वर टाळ्या झाल्या. काट्यावर ओल किती धरायची यावर थोडा वाद झाला, कारण हा दगड पहिल्यांदाच खरोखर ओला होता, पण घट धरूनही मन्मथ पहिला आला. वरद सरांनी हस्तांदोलन केलं आणि सोमवारी हरकत घेईन म्हणाले. खाली झऱ्याच्या तोंडावर माती घसरत होती. पाणी आधी गढूळ झालं, मग थोडं राहिलं, मग त्याचा चिखल झाला. दुपारी बायका घागरी घेऊन आल्या तेव्हा त्यांच्यासाठी सुशीला उरली होती.

पुढचं थोडक्यात. शिखरवेधला वारसा संवर्धनाबद्दल एका मोठ्या हॉटेलात पुरस्कार मिळाला. बेंगळुरूचे पाहुणे या वेळी एकमेकांकडे बघून हसले नाहीत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. वाघलवाडीला आता टँकर येतो, आणि या वर्षी कर्मचारी रविवारी स्वेच्छेने टँकरबरोबर जातात. पाठीवर 'मी पाणी वाचवतो' असं आहे. रुद्राणी शिखरमध्ये आहे. ती शेवटच्या बाकावर बसते आणि प्रश्न विचारत नाही, तिथे तेवढा वेळ नसतो. मन्मथचा फोटो फ्लेक्सवर आला होता. तो आजही पालकांना खुर्ची देतो आणि पाणी देतो.

ही हकीकत आम्ही पुष्कळ जणांना सांगितली. लग्नाच्या पंगतीत सांगितली, दवाखान्याच्या बाकावर सांगितली, एकदा भोकरच्या बसस्टँडवर अनोळखी माणसांनाही सांगितली. ऐकणारा प्रत्येक माणूस भडकतो. मन्मथला नावं ठेवतो, अंबरीश सरांचा उद्धार करतो, मॅडमना तर पार पुण्याला पोचवून येतो. काही जणांचे डोळेही भरून येतात. आम्हाला बरं वाटतं, की चला, माणुसकी अजून शिल्लक आहे. मग बाकीचे पांगले की त्यांतला एक जण आम्हाला बाजूला घेतो आणि आवाज खाली आणून विचारतो की त्या शिखर बॅचला यंदा काही होईल का, मन्मथची ओळख आहे ना तुमची.

तुम्हीही विचारणारच आहात, तेव्हा पत्ता सांगून ठेवतो. लातुरात उतरल्यावर कुठल्याही रिक्षावाल्याला शिखरवेध म्हणा. गेटपाशी काळ्या दगडांची उंच भिंत आहे, दगडांवर पांढरे नंबर आहेत, पालक तिथे मुलांना उभं करून फोटो काढतात. रांग त्या भिंतीपासूनच सुरू होते. सकाळी लवकर या, आणि येताना प्यायचं पाणी घेऊन या, उन्हात बराच वेळ उभं राहावं लागतं.